दयेची मुदत

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९३ च्या पावसाळ्यात, गडचिरोली जिल्ह्यातील एका खेड्यातून मला गायीसाठी बोलावणे आले. गायीने दोन दिवस चारा सोडला होता, तोंडातून लाळ गळत होती आणि ती अखंड हंबरत होती. मालक वयस्क होता आणि त्याचे निदान तयार होते. ‘‘साहेब, घशात काहीतरी अडकला हाये जी.’’ मलाही तसेच वाटले. बाही वर सारून मी तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपून पाहिले. घशात काहीही नव्हते. हात बाहेर काढताना दाढ लागून मनगटावर खरचटले. तिसऱ्या दिवशी गाय मेली. तेव्हा घरातल्या एका मुलाला आठवले, की महिन्याभरापूर्वी गायरानात तिला एक कुत्रे चावले होते.

लाळ गाळणाऱ्या आणि गिळू न शकणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालण्यापूर्वी रेबीजची शंका घ्यावी, हे पशुवैद्यकाच्या शिक्षणातील अगदी प्राथमिक सूत्र आहे. मी ते परीक्षेत लिहिले होते. प्रत्यक्ष प्रसंगी मात्र म्हाताऱ्याच्या शब्दावर विसंबलो. त्या काळी सरकारी दवाखान्यात मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली जुनी लस मिळे. बेंबीभोवती रोज एक, अशी चौदा इंजेक्शने मी घेतली. त्या गायीचे कच्चे दूध प्यायलेले घरही माझ्याबरोबर रांगेत उभे होते. ही लस देशातून हद्दपार व्हायला २००४ साल उजाडावे लागले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचार जवळजवळ निरुपयोगी असतात, हे मला पूर्ण ठाऊक होते. त्यामुळे त्या चौदा दिवसांत ज्ञान हे भयाचे औषध नसते, एवढे मात्र मी शिकलो.

बरा आहे याची खात्री पटल्यावर मी एक साधा प्रश्न घेऊन हिंडलो. ते कुत्रे कोणाचे? जवळच्या नगरपरिषदेने सांगितले, की गाव आमच्या हद्दीत येत नाही. ग्रामपंचायतीने सांगितले, की कुत्री शहराच्या कचऱ्यावर वाढतात आणि आमच्याकडे येतात. दोन्ही उत्तरे खरी होती. हद्द कागदावर असते, आणि कुत्र्याला कागद वाचता येत नाही.

त्याच हिवाळ्यात कुत्र्यांविषयीच्या तक्रारी वाढल्या आणि एका नगरपरिषदेने त्यांच्यावर त्या काळी सर्वत्र रूढ असलेला उपाय केला. खाद्यात स्ट्रिक्निन हे विष मिसळून ते पहाटे कचऱ्याच्या ढिगांपाशी टाकण्यात आले. सरकारी पशुवैद्यक म्हणून मला उपस्थित राहण्यास सांगितले गेले आणि मी उपस्थित राहिलो. त्या मृत्यूचे वर्णन मी करणार नाही. तो लवकर येत नाही, एवढेच सांगतो. उजाडल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून देह नेले गेले आणि कागदावर मी सही केली. पुढच्या पावसाळ्यात त्याच ढिगांवर तितकीच कुत्री होती. कचरा तसाच पडत राहिला, जागा मोकळी झाली, आणि मोकळ्या जागेत शेजारची कुत्री आली. कुत्री वर्षातून साधारणतः दोनदा माजावर येते आणि दोन महिन्यांत वेते. अन्न असेल तेथे पिलांची उणीव राहत नाही. आमच्या क्रौर्याला निदान परिणामकारकतेचे समर्थन तरी असायला हवे होते, तेही नव्हते.

हा संघर्ष आपल्याकडे नवा नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्यास आरंभ केला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. या घटनेतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांनी निषेध केला, त्यांच्याच वर्तुळातून पर्यायही उभा राहिला, आणि तो त्यांच्या आयुष्यापेक्षा दीर्घ काळ टिकला. निषेधाला त्यांनी संस्थेचे रूप दिले.

कायद्याने पुढे दिशा बदलली. १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. २००१ च्या नियमांनी कुत्री मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याचे तत्त्व स्वीकारले, आणि २०२३ च्या नव्या नियमांनी ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर अधिक स्पष्टपणे टाकली. हे तत्त्व शास्त्रीय दृष्टीने योग्य आहे. निर्बीज केलेले, लस टोचलेले कुत्रे आपली जागा राखते, नव्या कुत्र्याला येऊ देत नाही आणि रोगाच्या साखळीतील एक दुवा तोडते. मात्र या तत्त्वाला एक अट आहे. एखाद्या वस्तीतील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली आणि ती पुढेही मिळत राहिली, तरच रेबीजचे संक्रमण थांबते. निम्मे काम केल्याने निम्मे फळ मिळेल, असा येथे हिशेब नाही.

निवृत्तीनंतर मी चंद्रपुरात राहू लागलो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका गावी प्राणिमित्र आणि स्थानिक संस्था यांच्यात वाद विकोपाला गेला आणि दोन्ही बाजूंना चालणारा माणूस म्हणून मला बैठकीस बोलावण्यात आले. सभागृहात दोन रांगा समोरासमोर बसल्या होत्या. एका रांगेत तरुण मुले आणि काही महिला होत्या. अपघातात मोडलेली कुत्री स्वतःच्या दुचाकीवरून आणणे, जखमेतील अळ्या काढणे, पार्व्हो या आजाराने खचलेल्या पिलांना रात्रभर सलाइन लावून बसणे, ही कामे ती माणसे पदरमोड करून करीत होती. शेजाऱ्यांच्या शिव्या खात होती आणि भाड्याची घरे बदलत होती. दुसऱ्या रांगेत आरोग्य विभागाचे कर्मचारी होते. त्यांच्याकडे एक गाडी होती, ती बहुधा बंद असे. कुत्री पकडणारे कंत्राटी होते आणि त्यांचे वेतन थकले होते. त्यांच्या तक्रारवहीत गालाला टाके पडलेल्या एका लहान मुलाच्या आईची तक्रार होती. एका बाजूने ‘तुम्ही निर्दय आहात’ असे म्हटले, दुसरीने ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ असे म्हटले. दोन तास हेच दोन शब्द फिरत राहिले.

मी दोघांचेही ऐकत होतो आणि मला सभागृहात नसलेली माणसे आठवत होती. पहाटे सायकलवरून वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्री उशिरा हातगाडी ढकलत घरी जाणारा विक्रेता, चैत्रात अंधार असतानाच मोहफुले वेचायला निघणाऱ्या बाया. कुत्र्याचा दात बहुधा अशांनाच लागतो. त्याच बायांबरोबर गावचे एखादे कुत्रे रानात जाते आणि वाघाची चाहूल सर्वांत आधी त्यालाच लागते, हेही तितकेच खरे आहे. आपल्या भागात कुत्रे हे केवळ उपद्रव नाही आणि केवळ करुणेचा विषयही नाही. ते खळ्याचे राखणदार आहे, पोराबाळांचे सोबती आहे. म्हणूनच त्याचा प्रश्न ‘ठेवा’ किंवा ‘हटवा’ अशा एका शब्दाने सुटत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या बाबतीत तर आणखी एक पक्ष आहे, ज्याला कोणत्याही बैठकीचे निमंत्रण जात नाही. तो पक्ष म्हणजे जंगल. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर शहराच्या उत्तरेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे आणि औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांपर्यंत वाघ-बिबटे येतात. उघड्यावर कचरा पडतो, कचऱ्यावर कुत्री आणि डुकरे जगतात, त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीत येतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर परिसरात बिबट्याने एका किशोराचा जीव घेतला. तेव्हा सर्वांनी वनखात्याकडे बोट दाखविले. कचऱ्याकडे फारच थोड्यांनी दाखविले.

उलट दिशेचा प्रवासही होतो. कुत्र्यांमधील डिस्टेम्परचा विषाणू रानातील मांसाहारी प्राण्यांना मारू शकतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत सिंहांच्या सुमारे एक तृतीयांश संख्येचा या रोगाने नाश केला. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले, आणि त्यांतील अनेकांत हाच विषाणू आढळला. आपल्या रानात वाघ आहे, बिबट्या आहे, कळपाने शिकार करणारा कोळसून आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील गावच्या एका कुत्र्याला टोचलेली लस ही त्या कोळसुनांचीही लस असते. हे सूत्र एकदा लक्षात आले, की कुत्र्यांचे लसीकरण हा प्राणिमित्रांचा छंद किंवा नगरपरिषदेची कटकट उरत नाही. ते वनसंरक्षणाचे आणि सार्वजनिक आरोग्याचे एकत्रित कर्तव्य ठरते.

मग हे कर्तव्य पार का पडत नाही? अनेक वर्षे मला वाटे, की निधी नाही म्हणून. निधी कमी आहेच. एटापल्ली किंवा कोरचीसारख्या लहान नगरपंचायतीने निर्बीजीकरणासाठी मान्यताप्राप्त संस्था, शस्त्रक्रियागृह, पिंजरे आणि प्रशिक्षित पशुवैद्यक आणायचे कोठून, हा प्रश्न खराच आहे. परंतु जेथे निधी आला, तेथेही मी काम बंद पडताना पाहिले. विचारांती मला दिसले, की खरी विसंगती कालमानाची आहे. निविदेची मुदत बहुधा एका वर्षाची असते. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. मुख्याधिकारी तीन वर्षांनी बदलतात. सभागृहाचे आयुष्य पाच वर्षांचे असते; ते संपल्यावर काय होते, हे चंद्रपूर महापालिकेत २०२२ नंतर प्रशासकाच्या दीर्घ कारकिर्दीत आपण पाहिले. आणि कुत्रे? वाहनाखाली किंवा रोगात सापडले नाही, तर ते आठ-दहा वर्षे जगते. लसीचा प्रभाव टिकवायचा तर त्याला दर वर्षी कोणीतरी शोधले पाहिजे. आपण दहा वर्षांच्या कामाला एका वर्षाची माणसे नेमतो.

हाच नियम प्राणिमित्रांनाही लागू पडतो, आणि हे सांगताना माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे. खाऊ घालणे हे आजचे काम आहे. त्याचे समाधान आजच मिळते. निर्बीजीकरण आणि नोंद ही उद्याची कामे आहेत. त्यांचे समाधान कोणालाच मिळत नाही. आपली भक्तिपरंपरा कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा सांगते. कुत्र्याकडे कसे पाहावे, हे ती कथा शिकवते. पण तूप देणाऱ्याने ते आपल्या ताटातले दिले होते, दुसऱ्याच्या दारात ठेवले नव्हते, हाही तिचा अर्थ आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, खाऊ घालायचे तर कुत्रे दत्तक घ्यावे, अशा आशयाचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. सक्ती योग्य नव्हती, हे मला मान्य आहे. परंतु ज्या प्राण्याला आपण रोज अन्न देतो, त्याच्या लशीचे आणि पिलांचे उत्तरदायित्व आपल्याकडे काही अंशी येते, हे न्यायालयाने सांगावे लागू नये.

२०२५ मध्ये तर चार महिन्यांत तीन आदेश आले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यात हलविण्यास सांगितले. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो आदेश बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असे ठरविले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री निवाऱ्यात न्यावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असा निर्देश दिला. रुग्णालयाच्या आवारात प्रसूत झालेल्या बाईच्या खाटेजवळ कुत्रे फिरू नये, याविषयी दुमत असू शकत नाही. परंतु निवारा हा शब्द उच्चारायला सोपा आहे. मी गावोगावचे कोंडवाडे पाहिले आहेत. चाऱ्याची तरतूद संपली, की जनावरे कशी दिसतात, हे मला ठाऊक आहे. दाटीने कोंडलेल्या कुत्र्यांत पार्व्हो आणि डिस्टेम्पर वणव्यासारखे पसरतात. निवारा बांधण्याचा खर्च एकदाच होतो. तो चालविण्याचा खर्च प्रत्येक कुत्र्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत होत राहतो. त्या खर्चाचा ठराव न करता बांधलेली भिंत म्हणजे विषाच्या खाद्याचेच लांबलेले रूप होय.

दीर्घ मुदतीचे काम अशक्य आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षे गल्लीगल्लीत जाऊन कुत्र्यांना लस दिली, प्रत्येक लशीची नोंद मोबाइलवर केली, शाळांत मुलांना शिकविले. २०२१ मध्ये ते देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. भामरागड तालुक्यातील हेमलकशाला शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले पिलू प्रकाश आमटे यांनी त्यांच्याकडून मागून घेतले आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या आवारात ते आजही आहे. वन्यप्राण्यांचे कायदे पुढे कडक झाले, त्यांच्याशी त्या अनाथालयाला जुळवून घ्यावे लागले. तरीही ते टिकले, कारण एका कुटुंबाने आपले आयुष्यच त्याची मुदत मानली. एकीकडे शासनाची शिस्त आहे, दुसरीकडे एका घराची निष्ठा. दोहोंत समान आहे ते सातत्य.

त्या बैठकीच्या शेवटी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्या तावातावाने बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांच्या पिशवीत शंभर पानी वही होती. भरलेल्या प्रत्येक पानावर एक गल्ली होती. गल्लीतील प्रत्येक कुत्र्याचा रंग, खूण, नर की मादी, कानाला निर्बीजीकरणाची खाच आहे की नाही, लशीची तारीख, पुढील लशीची तारीख. शेवटचा रकाना ‘दिली’ असा होता. मी ती वही आरोग्य निरीक्षकांच्या हाती दिली. त्यांनी ती बराच वेळ चाळली. मग म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्याकडे फक्त देयके आहेत. हे नाही.’’ त्या दिवशी दोन्ही रांगांमधील ते एकमेव मृदू वाक्य होते. त्यानंतर काही महिने ते दोघे रविवारी सकाळी एकत्र फिरले. ते जाळे घेऊन, त्या वही घेऊन. मी लस टोचत असे. एकही सभा न होता, एकही ठराव न होता, एका प्रभागातील काम पूर्ण होत आले.

मग निरीक्षकांची बदली झाली. पुढच्या वर्षी शिक्षिका आजारी पडल्या आणि मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी वही माझ्याकडे दिली. मी ती कपाटात ठेवली आणि जवळजवळ वर्षभर उघडली नाही. दोष कोणाचा, असे मला कोणी विचारले, तर त्या यादीत माझे नाव वगळता येणार नाही. दयेची मुदत माझ्याकडेही संपली होती.

वाचकांना मी मोठे आवाहन करणार नाही. चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिखट किंवा हळद लावू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लशीचा एकही डोस चुकवू नये. हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. आपल्या ग्रामपंचायतीला, नगरपंचायतीला किंवा महापालिकेला ‘किती कुत्री पकडली’ असे विचारण्याऐवजी ‘गेल्या वर्षी लस दिलेल्यांपैकी किती यंदा पुन्हा सापडली’ असे विचारावे. आणि आपल्या दाराशी येणाऱ्या कुत्र्याची एका ओळीत तरी नोंद ठेवावी.

वही मी गेल्या महिन्यात काढली. पहिल्या पानावर सात कुत्री होती. त्यांपैकी चार अजून त्याच गल्लीत आहेत. शेजारच्या दोन मुलांच्या मदतीने त्यांना लस दिली आणि शेवटच्या रकान्यात तारखा लिहिल्या. त्यापुढची एकोणचाळीस पाने अजून व्हायची आहेत.